पाचूच्या पोटाची मुंगी

आधी मला वाटलं, आंब्याच्या पानावर पाण्याचा थेंब चमकतोय. मग थेंब चालायला लागला.

चालत चालत तो पानाच्या टोकाशी आला, थांबला आणि दोन मिशा उंचावून थेट माझ्याकडे रोखून बघू लागला. मी चष्मा नाकावर नीट बसवला. मुंगी! पण ही कसली मुंगी? डोकं आणि छाती मधाच्या रंगाची, पाय केसासारखे लांबसडक आणि पोट हिरवंगार. वरून रंग फासल्यासारखं हिरवं नव्हे, आतून उजेड यावा तसं हिरवं. आमच्या ओझरला पौषात थॉमसनच्या मण्यात पाणी उतरायला लागतं, तेव्हा सकाळच्या उन्हात वेलीखाली बसून घडाकडे खालून पाहावं. तोच तो रंग. मणी तेवढा मोहरीएवढा.

हे सगळं घडलं केर्न्सला, ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य टोकाकडल्या क्वीन्सलँडमध्ये, लेकीच्या घराच्या परसात. महिना ऑगस्टचा. आपल्याकडे श्रावणाच्या सरी, तिथे हिवाळा. हिवाळा आपला म्हणायला; मी सदऱ्यावर फिरत होतो आणि डोक्यावरचं आंब्याचं झाड मोहोरानं नुसतं फुललं होतं. श्रावणात आंब्याला मोहोर! ज्याला हे आश्चर्य वाटत नाही, त्यानं नाशिक जिल्ह्यात जन्मच घेतला नसणार. मोहोरावर पोपटांचा कालवा चाललाय. निळं डोकं, केशरी छाती, हिरवे पंख. येवल्याच्या दुकानातल्या सगळ्या पैठण्या एकाच पाखरानं एकदम नेसाव्यात तसं ध्यान. पण मी पोपट सोडून मुंगीकडे बघत उभा.

"ह्ये हुमले! माका इचारा." मागून आवाज आला.

आमची ही वेंगुर्ल्याची. ओझरला येऊन चाळीस वर्षं होत आली, बोलणं पार आमच्याकडचं झालं, पण एकदम काही ओळखीचं दिसलं की तोंडातून मालवणीच बाहेर पडते. हुमले म्हणजे आंब्याच्या, काजूच्या झाडावरच्या त्या तांबड्या, कडकडून चावणाऱ्या मुंग्या. रत्नागिरीकडे ओंबील म्हणतात. सासुरवाडीच्या आंब्यावर चढून मी त्यांचा प्रसाद अनेकदा घेतलेला, तेव्हा मलाही थोडं कळत होतं.

"अगं, हुमले तांबडे असतात. ही हिरवी आहे."

"रंग काय बघता? घर बघा, घर."

तिनं बोट दाखवलं तिकडे पाहिलं. फांदीच्या टोकाला आंब्याची दहा-बारा पानं एकमेकांना चिकटून नारळाएवढा गोळा झाला होता. पानांच्या सांध्यांवर पांढरी पट्टी, पतंगाच्या कागदासारखी पातळ. गोळ्याच्या तोंडाशी हिरव्या मुंग्यांची ये-जा. खरंच, घर तर वेंगुर्ल्याचंच होतं! पण रंग? माझं मन काही मानेना. मी पस्तीस वर्षं ओझरच्या एचएएलमध्ये विमानाचा पत्रा जोडला. मिग-२१ पासून सुखोईपर्यंत. आमच्या धंद्यात एक नंबर चुकला तर तो भाग दुसराच. हिरवी आणि तांबडी एकच, हे असं तोंडी कोण मान्य करील?

म्हणून मग मी त्या झाडाखाली प्लॅस्टिकची खुर्ची टाकली. लेक म्हणाली, "बाबा, एवढ्या लांब आलात, समुद्र बघा, कोरल बघा." तेही पाहिलं. पण रोज सकाळ-संध्याकाळ माझी ड्यूटी आंब्याखाली.

दुसऱ्याच दिवशी नव्या घराचं काम निघालं.

पान वाकतंय! चार मुंग्या एका पानाच्या कडेवर मागचे पाय रोवून उभ्या आहेत, शेजारच्या पानाची कड जबड्यात धरून. ओढतायत. पान हळूहळू जवळ येतंय. त्यांच्या शेजारी पाचवी, सहावी, दहावी. बघता बघता कडेवर ओळ लागली, जशी रस्सीखेचीत गावातली पोरं लागतात. त्या पलीकडे एक पान मात्र लांब आहे, कुणाचंच तोंड पोचत नाही. मग काय करावं? एक मुंगी पुढे वाकली. दुसरी तिच्या अंगावरून चालत पुढे गेली, आणि पहिलीनं तिची कंबर जबड्यात धरली. तिसरी दुसरीच्या अंगावरून. चौथी. पाचवी. सहा-सात मुंग्यांची साखळी हवेत लोंबकळतेय आणि शेवटची पाय झाडत झाडत त्या पानाला शिवते. धरलं! आपली दहीहंडी आडवी झोपवली तर अशी दिसेल. थरावर थर, पण उंचीला नव्हे, लांबीला. आणि हंडी म्हणजे आंब्याचं कोवळं पान. मग साखळी मागे सरकायला लागते. पान जवळ आलं की एक मुंगी सुटते, साखळी आखूड होते. एका साखळीशेजारी दुसरी, तिसरी. शेवटी दोन पानांमध्ये बोटभर फट उरते आणि त्या फटीवर हिरव्या पोटांचे टाके घातल्यासारख्या मुंग्याच मुंग्या.

मी खुर्चीतून उठलो. हे काम मी ओळखत होतो! असेंब्ली शॉपमध्ये पत्र्याची दोन टोकं जुळवायची तर आधी जिगमध्ये बसवायची, भोकं एकावर एक आणायची, तात्पुरत्या पिना मारून धरून ठेवायची, आणि मग रिव्हेट. एकजण बंदूक चालवणार, दुसरा पलीकडून लोखंडी ठोकळा दाबून धरणार. धरणाऱ्याला कुणी शाबासकी देत नाही, पण धरणाऱ्याचा हात हलला की काम वाया. इथे शंभरेक धरणाऱ्या पाय रोवून तासन्‌तास उभ्या. हलत नाहीत. पण रिव्हेट कुठाय? पानं जोडणारी ती पांढरी पट्टी आणणार कोण?

उत्तर संध्याकाळी टॉर्चच्या उजेडात मिळालं. नातू माझ्याबरोबर होता. वय वर्षं आठ, मराठी समजतं, उत्तर इंग्रजीत देतो.

जुन्या घरातून एक मुंगी बाहेर आली. तिच्या तोंडात तांदळाच्या कणीसारखं काहीतरी पांढरं. "बेबी!" नातू कुजबुजला. खरंच, बाळ! मुंगीची अळी. मुंगीनं तिला मध्यावर हलकेच धरलंय, अळीचं डोकं पुढे. ती फटीपाशी येते. एका पानाच्या कडेला अळीचं तोंड टेकवते, मिशांच्या टोकांनी बाळाच्या डोक्यावर टकटक करते. क्षणभर थांबते. मग मान वळवून पलीकडच्या पानाला टेकवते. पुन्हा टकटक. पुन्हा अलीकडे. अळीच्या तोंडातून रेशमाचा धागा निघतोय! दिसत नाही इतका बारीक, पण टॉर्च तिरका धरला की लकाकतो. अलीकडे, पलीकडे, अलीकडे, पलीकडे. शेजारी दुसरी मुंगी दुसरं बाळ घेऊन हजर. तिसरी. बाळं एरवी वळवळतात. ही मात्र ताठ पडून आहेत, कामावर असल्यासारखी.

येवल्याला मागावर धोटा असाच फिरतो. उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे, आणि बघता बघता काठ उमटतो. फक्त इथे धोटाही जिवंत आणि सूतही त्याच्याच पोटातलं. आमच्या जिल्ह्यात हातमागावर बसणारी घरं आहेत, पण घरच्या पोराचाच धोटा करणारा विणकर मी पहिल्यांदा पाहिला. मराठीत या मुंगीला विणकर मुंगी म्हणतात, ते उगाच नव्हे.

आणि यातली खरी गंमत पुढे कळली. पुष्कळ मुंग्यांच्या अळ्या हे रेशीम स्वतःसाठी ठेवतात. त्याचा कोश विणतात आणि आत झोपून मोठ्या होतात. या अळ्या स्वतःपुरता कोशच विणत नाहीत. होतं नव्हतं तेवढं सगळं रेशीम घराच्या भिंतीला जातं आणि त्या उघड्या अंगानं, त्याच घराच्या आत वाढतात. एकेकटीची गोधडी न शिवता सगळ्यांचा मिळून एक मांडव. आमच्या हिला सांगितलं तर ती म्हणाली, "मग? एकत्र कुटुंब आहे ते." झालं. माझ्या आश्चर्याचा तिनं एका वाक्यात निकाल लावला.

नातवानं शाळेतून किड्यांचं पुस्तक आणलं होतं. त्यात आम्ही दोघं नाव शोधायला बसलो. हिरव्या मुंगीचं पान सापडलं. ईकोफिला स्मॅरग्डिना. ईकोफिला म्हणजे पानात घर करणारी. स्मॅरग्डिना म्हणजे पाचूसारखी. वा! पाचूच तो. आणि खाली नकाशा. रंगवलेला पट्टा भारतापासून सुरू होऊन, आग्नेय आशियातून बेटाबेटांवरून उतरत, थेट आमच्या खुर्चीखाली केर्न्सला आलेला. पट्ट्याचं पश्चिमेचं टोक कुठे? मी चष्मा पुसला. अरबी समुद्राला लागून. कोकणपट्टी!

म्हणजे सासुरवाडीच्या आंब्यावर मला चावलेली तांबडी ओंबील आणि ही पाचूच्या पोटाची सुंदरी, दोघींचं कागदोपत्री नाव एकच. आशियात तिचं पोट तांबूस, ऑस्ट्रेलियात हिरवं. डीएनए तपासून शास्त्रज्ञांनी तिचे गट पाडलेत; भारतातली बहुतेक एका गटात, ऑस्ट्रेलियातली दुसऱ्यात. चुलत घराणी म्हणा. पण आडनाव एक, आणि घर बांधायची रीत तर तंतोतंत एक. ही स्वयंपाकघरातून विजयी मुद्रेनं बघत होती. मी काही बोललो नाही. चाळीस वर्षांच्या संसारात काही प्रसंगी गप्प राहणंच बरं.

तरी एक प्रश्न डोक्यात राहिला. कोकणातल्या तांबड्या मुंगीला पाचूचं नाव का शोभावं? तो मी मनात गाठ मारून ठेवला.

पुस्तकात एक जुनी हकिकत होती. १७७० साली कॅप्टन कुकचं 'एंडेव्हर' जहाज या किनाऱ्यानं वर आलं. त्यावर जोसेफ बँक्स नावाचा निसर्गवेडा तरुण होता. मे महिन्यात दक्षिणेकडे बस्टर्ड बे इथे त्यांनी नांगर टाकला, आणि किनाऱ्यावरच्या झाडीत बँक्सना पानासारख्या हिरव्या मुंग्या दिसल्या. पानं वाकवून, कागदासारख्या पांढऱ्या चिकट पदार्थानं जोडलेली घरटी त्यांनी रोजनिशीत टिपली. हजारो मुंग्या एकजुटीनं पान वाकवून धरतात हे पाहिलं, त्यांना छेडलं आणि चावून घेतलं. तेव्हा आपल्याकडे पुण्याला थोरले माधवराव पेशवे गादीवर. पाच वर्षांनी, १७७५ साली, डेन्मार्कच्या फॅब्रिशियसनं या मुंगीला ते पाचूचं नाव दिलं. ते साल म्हणजे राघोबादादांनी सुरतेला इंग्रजांशी तह केला ते. पण तो पांढरा पदार्थ येतो कुठून, हे बँक्सना कळलं नव्हतं. बाळाच्या तोंडातून रेशीम निघतं ही गोष्ट लिहून ठेवली गेली ती १८९०च्या सुमारास, सिंगापूरच्या वनस्पती उद्यानातल्या रिडले यांच्याकडून. मला आणि माझ्या नातवाला एका टॉर्चवर दिसलं, ते पाहायला जगाला जवळजवळ सव्वाशे वर्षं लागली! हे वाचून मी नातवाच्या पाठीवर थाप मारली. त्यानं मला 'हाय फाइव्ह' दिला.

परसातली मुंगी पाहून झाली. पण रानातली?

तीही पाहायला आम्ही मॉसमनच्या रानाकडे निघालो. ती वाट उसातून जाते. दोन्हीकडे ऊस, मधून बोटभर रूळ; २०२३पर्यंत त्यांवरून आगगाडी उसाच्या कांड्यांनी भरलेले डबे ओढत जायची. मी थांबून बघितलंच. रुळांची रुंदी दोन फूट, आपल्या नेरळ-माथेरानच्या गाडीएवढी! निफाडकडचा ऊस बैलगाडीत, ट्रॅक्टरवर जाताना जन्मभर पाहिला; इथे उसाला स्वतःची आगगाडी. आणि त्या उसाच्या भिंतीमागे एकदम, दार उघडल्यासारखं, रान.

रान म्हणजे काय, हे मला तोवर ठाऊक नव्हतं असं वाटलं. मी आंबोली पाहिलंय, भीमाशंकर पाहिलंय, पावसातली. पण इथे झाडांची मुळं जमिनीवर भिंतीसारखी उभी आहेत; दोन मुळांच्या मध्ये आमच्या बाणगंगेच्या काठावरचं एखादं छोटं देऊळ आरामात बसेल. ताडाची पानं गोल, चुण्यांची, एकेक पान दोन माणसांना पुरेल अशा छत्रीएवढं. वरून ऊन त्यातून गाळून येतं तेव्हा सगळ्यांचे चेहरे हिरवे दिसतात. वेली मांडीएवढ्या जाड. मॉसमनची नदी तर अशी की तळातला खडा मोजावा. दगड हत्तीएवढे, पाणी थंडगार. त्यात पोरं उड्या मारतायत, आणि मी कुंभात रामकुंडावर बघावं तसा काठावरून नुसता बघतोय. हे रान १९८८ पासून जागतिक वारशात आहे; आपल्या सह्याद्रीच्या रानांना तो मान २०१२ मध्ये मिळाला. तिथली झाडं पाहताना मला कितीतरी वेळा वाटलं, यातलं एखादं मी कोयनेला पाहिलंय.

रानात शिरायच्या आधी तिथल्या कुकु यलांजी लोकांचा रिवाज असतो. हे त्या भूमीचे मूळ मालक, हजारो वर्षांचे. आमच्या वाटाड्यानं ओल्या सालींचा धूर केला आणि एकेकाला त्या धुरातून फिरवलं. पाहुणा आलाय, त्याला रानाची ओळख करून द्यायची, वाईटसाईट बाहेरच ठेवायचं. हिनं हात जोडले. आमच्याकडे बाळंतिणीच्या खोलीत ऊद घालतात, बाहेरून आलेल्याची दृष्ट काढतात. धुराची भाषा तिला सांगावी लागली नाही.

थोडं आत गेल्यावर वाटाड्यानं एक फांदी खाली ओढली. पानांचा गोळा! इथली पानं निराळी, शिवण तीच. त्यानं तळहातानं गोळ्याला हलकी थाप दिली आणि पळभरात त्याचा हात हिरवा झाला. एकेक मुंगी पोट वर करून, जबडे उघडून. या मुंगीला नांगी नाही. ती आधी चावते आणि जखमेवर पोटातलं आम्ल सोडते, म्हणून ती आग. तो मात्र हसत हसत हात चोळत होता. मग त्यानं तो हात आमच्या नाकापुढे धरला. अहाहा! लिंबाची साल, कैरी आणि थोडा अमृतांजन एकत्र कुस्करल्यासारखा वास. नाक थेट मेंदूपर्यंत मोकळं. सर्दी, डोकेदुखीला त्यांची ही मात्रा. घरटं पाण्यात कुस्करून तो आंबट काढा पितातही. "ओव्याची धुरी," ही माझ्या कानात म्हणाली.

मग त्यानं एक मुंगी डोक्याकडून चिमटीत धरली आणि म्हणाला, चाटा.

नातवानं केव्हाच चाटली होती. "लेमन, आजोबा! लेमन!" सगळे माझ्याकडे बघतायत. हिनं जाहीर केलं, "माझी आज संकष्टी." मी पंचांग बघितलेलं नव्हतं, पण मला दाट संशय आहे की त्या दिवशी संकष्टी नव्हती. शेवटी मी डोळे मिटून जीभ लावली. एक सेकंद काही नाही. मग आंबट! चिंचेचं नव्हे, आमसुलाचं नव्हे; लिंबाच्या फोडीवर दात दाबले की कानाच्या मागे जी कळ जाते, ती. मोहरीएवढ्या मण्यात एवढी आंबटाई! मला आमच्या भागातल्या एप्रिलमधल्या छाटणीनंतरच्या वेलीची कोवळी ताणं आठवली; लहानपणी तीही आम्ही अशीच चघळायचो.

परत येताना मला आठवलं, हे आपल्याला नवं कुठाय? बस्तरच्या आठवडी बाजारात हीच मुंगी पानाच्या द्रोणात विकायला असते आणि तिची चापडा चटणी होते, मीठ-मिरची घालून पाट्यावर वाटलेली. ओडिशात सिमिलिपालच्या काई चटणीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, जसं आमच्या नाशिकच्या द्राक्षांना आहे. तिकडे मानाचं पान, आमच्याकडे कोकणात मात्र आंबे उतरवणाऱ्यांच्या शिव्या.

घरी आलो तर परसातल्या वसाहतीत युद्ध पेटलं होतं.

कपडे वाळत घालायची ती छत्रीसारखी फिरणारी दांडी, तिच्यावरून मुंग्यांचा हमरस्ता जातो. तिथे एक भलामोठा भुंगेरा उतरला होता, कवच काळं कुळकुळीत. सहा मुंग्यांनी त्याचे सहा पाय धरलेत. प्रत्येक मुंगी आपापल्या दिशेला ओढतेय. भुंगेरा आडवा-उभा ताणला गेलाय, चामडं वाळत घालावं तसा. आणखी मुंग्या येतायत. दहा मिनिटांत त्याची हालचाल थांबली आणि पालखी निघाली. सरळ वर, उभ्या खोडावरून! मुंगीच्या पावलांना असली पकड की स्वतःच्या शंभरपट वजन ती उलटी लटकून तोलू शकते. माझं वजन सत्तर किलो. शंभरपट म्हणजे सात टन. मिगचं रिकामं धूड उचलून हँगरच्या छताला उलटं लटकायचं म्हणा ना!

ही एकेक वसाहत एका घरट्यात मावत नाही. झाडाझाडांवर पसरते. मोठ्या वसाहतीत शंभराहून जास्त घरटी आणि पाच लाखांपर्यंत मुंग्या. पाच लाख म्हणजे आमचा अख्खा निफाड तालुका! आणि या सगळ्यांची आई एक. एक राणी, कुठल्या तरी एका घरट्यात, कुणाला न दिसणारी. बाकी घरट्यांतून बाळांची, अन्नाची ने-आण चालू. हद्दीच्या कडेला जी घरटी असतात त्यांत बाळं नसतात, त्या चौक्या. आणि चौक्यांवर पहारा कुणाचा? म्हाताऱ्यांचा! तरण्या मुंग्या आत बाळं सांभाळतात, वय झालेल्या सीमेवर जातात. लढाईत मरायची पाळी आली तर ज्यांचे दिवस थोडे उरले त्यांची आधी. मी एचएएलमधून निवृत्त होऊन गावात पारावर बसतो. हे वाचून मला थोडं अवघडल्यासारखं झालं.

पण एवढ्या कडेकोट घरातही चोर शिरतो. एक फुलपाखरू आहे, लिफायरा. त्याची अळी या घरट्याच्या आत राहते आणि मुंग्यांची बाळं खाते. पाठीवर कासवासारखं चिवट, चपटं कवच. मुंगीचा जबडा त्यावर चालत नाही. पंख फुटून बाहेर पडताना मात्र अंग मऊ. तेव्हा त्याच्या अंगावर सैल पांढऱ्या खवल्यांचा थर असतो. मुंगी चावली की तोंडात खवलेच येतात, आणि ती तोंड पुसत बसते तोवर फुलपाखरू पसार. हे माझ्या डोळ्यांनी पाहायला मिळालं नाही, पुस्तकातच भेटलं. पण ते चित्र पाहून मला आमच्या तमाशातला अंगाला तेल लावलेला चोर आठवला.

जावई म्हणाले, तिकडे डार्विन शहरातल्या विद्यापीठात रेनकांग पेंग आणि कीथ ख्रिश्चन या शास्त्रज्ञांनी आंब्याच्या, काजूच्या बागांत या मुंग्याच राखणीला ठेवून पाहिल्या. झाडाझाडांत दोऱ्या बांधायच्या, मुंग्यांना पूल करून द्यायचा, त्या कीड वेचून खातात. मला वाटलं, नवी टूम. तर नवी कसली! इसवी सन ३०४च्या एका चिनी ग्रंथात लिहिलंय की दक्षिणेकडे लोक मुंग्यांची घरटी पिशवीत घालून बाजारात विकतात, आणि ती संत्र्याच्या झाडावर टांगली नाहीत तर फळ किडतं. सतराशे वर्षांपूर्वीचं औषध, पानात बांधलेलं!

माझ्यातला शेतकरी लगेच हिशोब मांडू लागला. भावाची चार एकर बाग. फवारणीचा हंगाम आला की घरात औषधांच्या बाटल्यांची रांग. पण मनात शंकाही आली. आमच्याकडे वेलीवर मुंग्या चढल्या की शेतकरी आधी पिठ्या ढेकूण शोधतो. त्याच्या गोड चिकट्यासाठी मुंगी त्याला जपते, गाय जपावी तशी. ही हिरवीही काही साधू नाही. आंब्याच्या कोवळ्या फांदीवर खवले कीड आहे, आणि दोन मुंग्या तिच्याशेजारी गवळ्यासारख्या बसून मिशांनी थोपटतायत; थेंब आला की पितात. तर ती दूधही काढते आणि राखणही करते. आंब्याला परवडत असेल, द्राक्षाला परवडेल की नाही सांगता येत नाही. शिवाय ती चावते! ओझरच्या बागेत थिनिंगला आलेल्या बायका पहिल्याच दिवशी परत जातील.

निघायच्या आदल्या रात्री मनातली ती गाठ सुटली.

पुस्तकाचं शेवटचं पान राणीचं होतं. चित्रात भली मोठी मुंगी, इतरांच्या दुप्पट-अडीचपट, पंख असलेली. आणि रंग? हिरवट. खाली लिहिलं होतं की कामकरी मुंगी कुठे तांबडी, कुठे हिरवी, पण राणी आशियातही हिरवट असते. मी हिला हाक मारली. तिनं चित्राकडे पाहिलं, पुस्तक जरा लांब धरलं, मग जवळ आणलं.

"ही तर आमच्या ओटीवर यायची."

"कधी?"

"मृगात. पहिले दोन-चार पाऊस झाले की सकाळी ओटीवर पडलेली असायची. हिरवी, मोठी, पंख झडलेले. आई केरात लोटायची. आम्हाला वाटायचं कसलं तरी पाखरू."

दोघंही गप्प झालो. मुंगीला पंख फुटले की मरण जवळ आलं असं आपण म्हणतो. राणीला पंख फुटतात ते उडून जाऊन नवी वसाहत थाटायला. त्या हजारांतल्या एखादीचं घर लागत असेल. बाकीच्या ओटीवर, केरसुणीखाली. म्हणजे पाचू वेंगुर्ल्यालाही होता. पाच लाख तांबड्यांच्या मधोमध, पानांच्या आत, रेशमाच्या भिंतीआड. ती म्हणाली होती, घर बघा. रंगही घरातच होता.

ओझरला परत आलो. ऑस्ट्रेलिया कसा होता म्हणून भाऊ बागेतून उठून आला, गुडघ्यापर्यंत चिखल तसाच. कांगारू पाहिले का? पाहिले. समुद्र? पाहिला. मग विशेष काय पाहिलंस, दादा?

"ओंबील," मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग हसत हसत पायरीवर बसला. "अरे, त्याला वेंगुर्ल्याला तर एसटीनं जाता येतं!"

खरं आहे. मृगाला जायचं ठरलंय. टॉर्चचे सेल नवे आणून ठेवलेत, आणि सासुरवाडीला निरोप गेलाय की पहिल्या पावसानंतर ओटी झाडू नका.